तादेओ लाराल्दे यांच्या मेंदूची चोरी

आपल्यासारखी नजर पाराना नदीच्या दोन्ही काठांवर दुसऱ्या कुणाला नाही, असं आरिस्तोबुलो पिंतोस स्वतःच सांगत असे. दुसरं कुणीतरी सांगेल म्हणून त्याने साठ वर्षं वाट पाहिली होती आणि आता त्याला धीर उरला नव्हता.

"मी माणूस बघत नाही, सुलेमा. मी माणूस वाचतो," तो म्हणायचा. "तीस वर्षं पोस्टात काढली. बंद पाकीट नुसतं हातात घेतलं, की आतला मजकूर सांगायचो."

हे खोटं नव्हतं. पोस्टात माते नावाच्या कडू पाल्याच्या चहासाठी पाणी तापवायची किटली होती, आणि वाफेने पाकिटाचा डिंक सुटतो हेही तितकंच खरं होतं.

निवृत्त झाल्यावर त्याने दारावर पितळी पाटी ठोकली: 'आ. पिंतोस, खासगी तपास.' आजवर त्याने तीन प्रकरणं हाताळली होती. पहिल्यातली हरवलेली कोंबडी मालकिणीच्याच पातेल्यात सापडली, आणि तीही त्याचं दोनदा वाढून घेऊन झाल्यावर. दुसऱ्यात चोरीला गेलेली सायकल घेऊनच तो चोराचा पाठलाग करत होता. तिसऱ्याबद्दल सुलेमा कुणाशी बोलत नसे.

सुलेमा त्याच्या बहिणीची मुलगी. वय एक्कावन्न. व्हिला तालास गावच्या क्लबातली खानावळ ती चालवायची. मामाची मदतनीस म्हणून तिची नेमणूक तिला न विचारताच झाली होती. काम फार नव्हतं: वही धरायची, 'हो मामा' म्हणायचं, आणि मामाने ज्याच्यावर आळ घेतला असेल त्याच्या घरी दुसऱ्या दिवशी केक घेऊन माफी मागायला जायचं. या गावात सगळ्यांना तिचा केक आवडायचा, त्यामुळे आळ घेतल्याबद्दल सहसा कुणी तक्रार करत नसे.

चौथं प्रकरण मात्र घरचं निघालं. ते होतं तादेओ लाराल्देच्या मेंदूचं.

तादेओ शहात्तर वर्षांचा. ज्या स्टेशनात आता गाडी येत नाही त्या स्टेशनाचा तो शेवटचा स्टेशनमास्तर. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात तो, अंगणात सात कोंबड्या आणि कुंपणाशी एक बिहीचं झाड. गेली एकतीस वर्षं तो पिंतोसचा त्रुकोतला भिडू होता.

त्रुको हा पत्त्यांचा खेळ. त्यात थाप मारणं हा दोष नसून कौशल्य मानलं जातं. दोघं-दोघं भिडू असतात, आणि आपल्या हातात काय आहे ते भिडूला नुसत्या चेहऱ्याने सांगायचं असतं, समोरच्यांची नजर चुकवून. तलवारीचा एक्का असला तर भुवया उडवायच्या, दुर्री असली तर ओठांचा चंबू करायचा, तिर्री असली तर खालचा ओठ दातांखाली धरायचा. व्हिला तालासमध्ये पोरं बोलायच्या आधी हे शिकतात. चर्चमध्ये कुणी भुवई उडवली तर मागच्या बाकावरचे चार जण मनातल्या मनात एक्का धरून चालतात.

एप्रिल लागला आणि तादेओचं बिघडलं. तो खालचा ओठ दातांखाली धरायचा, पिंतोस छाती फुगवून "त्रुको!" ओरडून डाव वाढवायचा, आणि तादेओ शांतपणे सगळ्यांत हलका पत्ता, चव्वी, टाकायचा. बेकरीवाला ओक्ताविओ आणि त्याचा मेहुणा यांनी सलग सहा संध्याकाळी या जोडीला धुऊन काढलं.

"तिर्री नव्हती तर खूण कशाला केलीस?" पिंतोस ओरडला.

"मी कुठे केली?"

"आत्ता केलीस! माझ्या डोळ्यांदेखत!"

"आईशप्पथ नाही केली रे."

तादेओ खोटं बोलत नव्हता, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. आणि तेच जास्त वाईट होतं. मग लोकांच्या लक्षात आलं, की तो औषधाच्या दुकानात रांगेत उभा राहूनही तिर्रीची खूण करतो. कोंबड्यांना दाणे टाकताना करतो. शिंपिणीच्या अंत्ययात्रेत तर त्याने सरळ शवपेटीकडे बघून केली. हातात पत्ता नाही, समोर भिडू नाही, आणि माणूस तिर्री सांगत सुटलाय! गावाने हळहळून निकाल दिला, की तादेओचा मेंदू चालला.

निकाल देऊन गाव थांबलं, पिंतोस थांबला नाही. त्याने तादेओच्या मुलीला फोन केला. मिर्ता रोसारिओ शहरात एका नोटरीच्या कचेरीत कामाला होती. फोनवर ती म्हणाली, की मागची खोली ती रिकामी करतेय; या नाही, पुढच्या रविवारी गाडी घेऊन येईल आणि बाबांना कायमचं घेऊन जाईल.

"मामा, फोन करायची एवढी काय आग लागली होती?" सुलेमाने पातेलं आदळलं.

"कर्तव्य, सुलेमा."

"कर्तव्य? त्या माणसाने काल मला विचारलं, तुला लाल कोंबडी हवी की पांढरी. कोंबड्या वाटायला काढल्यात त्यांनी!"

सुलेमाचा राग खरा होता. तिचा नवरा गेला त्या वर्षी रोज दुपारी तादेओ खानावळीत यायचा, एक फडकं घ्यायचा आणि तिच्या शेजारी उभा राहून ताटं पुसायचा. वर्षभरात त्याने सांत्वनाचा एक शब्द काढला नाही. ताटं मात्र लख्ख पुसली. अशा माणसाला रोसारिओच्या चौथ्या मजल्यावर नेऊन ठेवायचं, या विचाराने तिला अन्न गोड लागेना.

पिंतोसलाही ते लागलं असावं, कारण तो बराच वेळ मिशी ओढत बसला. मग एकदम उठला.

"मेंदू असा आपोआप जात नसतो. कुणीतरी तो नेलाय. रविवारच्या आत चोर हजर करतो!"

संशयितांची यादी त्याला दवाखान्यातच मिळाली. तिथल्या नर्सने त्याच्या हातात एक पत्रक ठेवलं, 'मेंदू जपा: रोजच्या दहा सवयी'. त्यात झोप, चालणं, खाणंपिणं, कोडी सोडवणं, माणसांत मिसळणं असं बरंच काही होतं. पिंतोसने ते आरोपपत्र समजून वाचलं.

"दहा जणांची टोळी आहे," तो सुलेमाला म्हणाला. "एकेकाला उचलू."

पहिला नंबर दुपारच्या झोपेचा लागला. तादेओला झोप लागते की नाही हे बघायला पिंतोस बुधवारी एक वाजता त्याच्या खिडकीखालच्या झुडपात दबा धरून बसला. चार वाजता तादेओ ताजातवाना होऊन मागे आला, तेव्हा त्याला झुडपात एक माणूस घोरताना सापडला. त्याचा डावा गाल उन्हाने भाजून निघाला होता. तादेओने त्याच्यावर टोपी ठेवली आणि तो कोंबड्यांकडे गेला.

गुरुवारी मातेवर धाड पडली. तादेओच्या घरातला मातेचा सगळा पाला जप्त झाला. त्यात काही मिसळलंय का हे बघायला पिंतोसने भोपळ्याच्या तुंब्यातून मातेचे सलग चौदा पेले ओढले, आणि संध्याकाळी खानावळीचं दार ठोठावलं.

"उत्तेजक आहे! काळीज बघ कसं उडतंय! हा पाला कुणी विकला त्याचं नाव लिही!"

"सुलेमा," सुलेमा म्हणाली.

"तुझं नाव नको, विकणाऱ्याचं लिही."

"तेच लिहितेय. आपल्याच फळीवरचा आहे तो."

पण शुक्रवारी स्वयंपाकघराच्या झडतीत मात्र घबाड हाती लागलं. तादेओच्या फडताळात फक्त लाल भोपळा, मक्याचं पीठ आणि सूपच्या शेवया. खाटकाने जबानी दिली, की महिना झाला, हा गडी बरगडीला हात लावत नाही, फक्त खिमा नेतो, तोही दोनदा बारीक करून. पावाच्या कडा कोंबड्यांना जातात. शेजारीण म्हणाली, की पूर्वी सकाळी शीळ घालायचा, आता तीही बंद. हल्ली बोलतोही कमी, आणि बोललाच तर तोंडावर हात धरून.

पिंतोसने टेबलावर मूठ आपटली. "मांस सोडलं, शीळ सोडली, मौन धरलं, तोंड झाकतो. लिही सुलेमा! शाकाहारी पंथ! त्यांनी त्याला दीक्षा दिलीय, आणि पहिली दक्षिणा म्हणून मेंदू काढून घेतलाय!"

सुतावरून स्वर्ग गाठणारी माणसं सुलेमाने पाहिली होती. मामाला सूतही लागत नसे. तिने वही मिटली.

शनिवारी दिवेलागणीला ती सूपचा डबा घेऊन तादेओकडे गेली. दार लोटलेलं होतं. आत तादेओ खुर्चीत डोळे मिटून बसला होता आणि पुटपुटत होता. सुलेमा उंबऱ्यातच थांबली. तो जुन्या रेल्वेमार्गावरची स्टेशनं म्हणत होता. एकामागून एक, थांबे आणि पाण्याच्या टाक्यांसकट. शेवटापर्यंत जाऊन तो उलटा परत आला.

"सदतीस," तो डोळे उघडून म्हणाला. "ये पोरी. एकही चुकत नाही बघ. जाताना नाही, येताना नाही."

"मग झालं तर, तादेओकाका!"

"कसलं झालं? चाळीस वर्षांपूर्वीचं सगळं आठवतं, आणि आत्ता मी ओठ चावला की नाही ते आठवत नाही. सगळं गाव काय खोटं बोलेल?" त्याने तोंडावर हात धरला. "आधी मला राग यायचा. आता नुसती भीती वाटते. मिर्ता आली की तिला सांग, बाबा हसत हसत तयार झाले म्हणून. आणि लाल कोंबडी तू ने. ती अंडी कमी देते, पण स्वभावाने गरीब आहे."

सुलेमा हो म्हणाली आणि घरी येईपर्यंत रडली.

रविवारी दुपारी पिंतोसने सगळ्यांना क्लबात जेवायला बोलावलं. सगळे संशयित एका खोलीत जमवायचे आणि मग गौप्यस्फोट करायचा, ही रीत त्याला ठाऊक होती. जेवण सुलेमाने करायचं, हे त्याने गृहीत धरलं होतं. चाळीसेक माणसं आली. मिर्ता बारा वाजता पोचली. उंच, दमलेली, हातात गाडीची किल्ली तशीच. सतराव्या वर्षी ती गाव सोडून गेली होती, आणि त्याआधीही या पत्त्यांनी तिला वीट आणला होता. तिने वडिलांना मिठी मारली, शेजारी बसली आणि त्यांच्या ताटात निखाऱ्यावर भाजलेली मोठी बरगडी वाढली.

"किती वाळलात, बाबा!"

"वयच आहे ते," तादेओ म्हणाला, आणि बरगडीकडे दरोडेखोराकडे बघावं तसा बघत राहिला.

पिंतोस खुर्चीवर चढला. त्याचा डावा गाल अजून लाल होता.

"मित्रहो, या खोलीत एक मेंदूचोर बसलाय!"

"मला अजून मटण वाढा, मग त्याचं बघू," मागून कुणीतरी म्हणालं.

"ओक्ताविओ! या सहा संध्याकाळींचा फायदा कुणाला झाला? तुला!"

"अरे, तुम्हाला हरवायला मला कुणाचा मेंदू कशाला चोरायला हवा?" बेकरीवाला म्हणाला. "तुम्ही दोघं शाबूत असतानाही आम्ही हरवायचोच की!"

"आरोपी क्रमांक दोन!" पिंतोसने खिशातून वर्तमानपत्रांची चळत काढली. "तादेओच्या घरी सापडलेली शब्दकोडी. सगळी पूर्ण. शाईने. एक खाडाखोड नाही! मेंदू गेलेला माणूस अशी कोडी सोडवू शकेल? अशक्य! म्हणजे त्याच्या घरात दुसराच कुणीतरी येतो."

"कोडी सोडवायला?" नर्सने विचारलं.

"आणि सूप प्यायला!"

सुलेमाने डोळे मिटून घेतले. केवढा मोठा केक करावा लागेल, याचा ती अंदाज घेत होती. तेवढ्यात तादेओने, लेकीने वाढलंय म्हणून, धीर करून बरगडीचा तुकडा तोंडात घातला. दोनदा चावला, थांबला, आणि त्याने खालचा ओठ दातांखाली धरला.

"तिर्री!" चाळीस माणसं एका सुरात ओरडली.

"बघितलंस ना, मिर्ता?" पिंतोस खुर्चीवरून हळहळला. "हे असं चाललंय बघ."

"कसली तिर्री?" मिर्ता म्हणाली. तिने वडिलांकडे नीट पाहिलं. "बाबा, खालची कवळी हलतेय ना तुमची?"

बाहेर निखाऱ्यावर चरबी चरचरताना ऐकू येत होती.

"थोडी," तादेओ म्हणाला.

"थोडी? ती वर येते आणि तुम्ही ओठाने दाबून बसवता. आत्ता केलंत. मी आल्यापासून पाच वेळा केलंत!"

"मी करतो असं?" तादेओने गालाला हात लावला. त्याचे डोळे मोठे झाले. "कवळी बसवतो होय मी! अरे, ते तर आपोआपच होतं. सवयच लागलीय. ते कोण लक्षात ठेवतंय?"

नर्स उठली, तिने त्याला खिडकीपाशी नेऊन तोंड उघडायला लावलं. हिरड्या आटल्या की कवळी सैल होते, त्यात आश्चर्य काही नाही, असं ती म्हणाली. "पण काका, महिनाभर तुम्ही नीट खाल्लं नाही, नीट बोलला नाहीत, चारचौघांत तोंड झाकून बसलात. असंच आणखी वर्षभर चाललं असतं, तर डोकं खरोखर मंदावलं असतं. वेळेवर कळलं."

चाळीस माणसं एकमेकांकडे बघायचं टाळत होती. जन्मभर चेहरे वाचण्यात घालवलेलं अख्खं गाव, आणि तोंडात दात हलताहेत हे दिसलं ते त्रुकोचा वीट आलेल्या एकटीला!

"मी याच निष्कर्षाकडे येत होतो," पिंतोस खुर्चीवरून उतरत म्हणाला.

"कुठून, चिलीवरून?" सुलेमाने विचारलं.

मग पिंतोसने एक गोष्ट केली, जी सुलेमाने आयुष्यात पाहिली नव्हती. तो तादेओपुढे उभा राहिला, त्याने टोपी काढली आणि म्हणाला, "एकतीस वर्षं तुझ्या तोंडाकडे बघतोय. पत्त्याशिवाय काही दिसलंच नाही मला. चुकलो." आणि घाईघाईने बाहेर जाऊन निखारे सारखे करू लागला, ज्यांना सारखं करण्याची काही गरज नव्हती.

मिर्ता अजून वडिलांकडेच बघत होती. "महिना झाला? आणि मला सांगितलं नाहीत? रोज रात्री आपण फोनवर बोलतोय!"

"तुझ्या पैशांनी करून दिली होतीस ना ती कवळी." तादेओ टेबलावरचे पावाचे कण गोळा करू लागला. "त्या उन्हाळ्यात तू समुद्रावर गेली नाहीस. एरवी तू दरवर्षी जायचीस. मग ती कवळी नीट बसत नाही असं कोणत्या तोंडाने सांगू?"

"म्हणून वेडे ठरायला तयार झालात? घर सोडायला?"

"ते वेगळं गं. ते मला खरंच वाटायला लागलं होतं." तो मान खाली घालूनच म्हणाला, "आणि खरं सांगू का, मिर्ता? पूर्वी तुझा फोन महिन्यातून एकदा यायचा. बाबांचं डोकं बिघडलं असं कळल्यापासून रोज यायला लागला. दात हलतात म्हणून कोण रोज फोन करतं?"

मिर्ताने त्याच्या ताटातली बरगडी आपल्या ताटात घेतली, सुरीने मांस सोडवलं, त्याचे अगदी बारीक तुकडे केले आणि ताट परत त्याच्यापुढे सरकवलं. तिचे डोळे भरले होते आणि ते पुसायची ती तसदी घेत नव्हती. सुलेमाला वाटलं, उठून दोघांनाही मिठी मारावी. पण तिने फक्त कोशिंबिरीचं भांडं त्यांच्या जवळ ठेवलं.

संध्याकाळी मिर्ता एकटीच गेली. जायच्या आधी तिने कवळी चिकटवायच्या चार ट्यूब आणून दिल्या, पुढच्या महिन्यात नवं माप द्यायला रोसारिओला यायचं असं वदवून घेतलं, आणि कोंबड्या ज्यांना-ज्यांना वाटल्या होत्या त्यांच्याकडून स्वतः परत गोळा केल्या. लाल कोंबडी सुलेमाने आपण होऊन आणून दिली.

सोमवारी पुन्हा डाव बसला. पिंतोसने वहीत 'प्रकरण चौथे: यशस्वी' असं लिहून घेतलं होतं, आणि कुणी हरकत घेतली नाही. पत्ते वाटले गेले. तादेओने भुवया उडवल्या, पिंतोस "त्रुको" ओरडायला तोंड उघडणार तोच खानावळीतला फोन वाजला.

"काका, तुमचा आहे," सुलेमाने आतून हाक मारली.

तादेओने पत्ते उपडे ठेवले आणि तो उठला. "आत्ता आलोच."

"तादेओ! हातात असला पत्ता असताना कुणी उठतं का?"

तादेओ तोवर आत पोचला होता. सुलेमा ताटं पुसत शेजारीच उभी होती, त्यामुळे तिला ऐकू येणं भागच होतं.

"हो, जेवलो. हो, छान आहे. अगदी घट्ट बसते. नाही गं, काही त्रास नाही." तो थांबला. पलीकडून मिर्ता काहीतरी म्हणाली. त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला, स्टूल ओढून घेतलं आणि त्यावर बसला. "बरं, खरं सांगतो. उजवीकडून टोचते. म्हणजे चांगलीच टोचते. सकाळी जास्त. ऐकतेस ना?"

मग कुठे टोचते, कशी टोचते, पाव खाताना किती आणि सूप पिताना किती, हे तो पंचवीस मिनिटं सांगत राहिला. बाहेर पिंतोस एक्का फुकट चालला म्हणून कपाळ बडवत होता, आणि सुलेमाने स्वयंपाकघराचं दार हळूच लोटून घेतलं.